स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा, बॉस!

शनिवारी सकाळी अख्खी आयटी जनता आठवड्याभराची झोप वसूल करत असते, तेव्हा मी पनवेलला रोह्याची मेमू पकडते. एक शनिवार पेण, एक शनिवार रोहा. दोन्हीकडे एकेक शाळा, आठवी-नववीची दहा-बारा पोरं आणि त्यांचा रोबो. ऑफिसात हे कळल्यापासून दर महिन्याला कोणीतरी डबा खाताना विचारतंच, 'मलापण यायचंय गं, काय शिकवायचं असतं?' त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून टाकते.

शिकवायचं कमी असतं, हात आवरायचे जास्त असतात. आणि इंजिनीअरला हेच सगळ्यात जड जातं!

रोह्याचा किस्सा सांगते. काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो सकाळी शहाण्यासारखा पळत होता. दुपारी साडेतीनला तोच रोबो थेट भिंतीकडे निघाला. मला दुसऱ्या मिनिटाला कारण कळलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि उन्हातलं इन्फ्रारेड सेन्सरला आंधळं करतं. पण मी गप्प. पोरांनी वायरी तपासल्या, सेल बदलले, कोड तीनदा टाकला, आपापसात भांडली. शेवटी नववीतली एक मुलगी वाकून बघायला गेली, तिची सावली पडली आणि रोबो सरळ चालायला लागला. 'मॅडम, ऊन!' पन्नास मिनिटं गेली. मग बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून त्यांनी सेन्सरभोवती झालर लावली. दिसायला भयंकर, पण काम चोख.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात या पन्नास मिनिटांचे पैसे वसूल झाले. शेजारच्या टेबलावरचा रोबो आमच्यापेक्षा कितीतरी देखणा होता. परीक्षकांनी विचारलं, 'हा सेन्सर इथेच का लावला?' मुलांनी वळून मागे उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. आमच्या टेबलावर झालरीबद्दल विचारलं, तर त्या मुलीला थांबवावं लागलं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ साली शाळकरी मुलांची पहिली स्पर्धा २८ टीम्स घेऊन झाली. तिथे मुलांबरोबर इंजिनीअर काम करतात, आणि रोबो नक्की कोणी बनवायचा यावर तिथेही वाद रंगतात. तिथला मेंटॉरसाठीचा मानाचा पुरस्कार एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांच्या नावाने १९९६ पासून दिला जातो. त्यासाठी नाव मुलं सुचवतात, मेंटॉरबद्दल लिहूनही मुलंच देतात. तुमच्या रोबोने किती सामने मारले, याचा तिथे हिशोब नसतो.

कॉलेजात तुम्ही रोबोकॉनच्या रात्री जागवल्या असतील तर उत्तम, पण तो तोरा पनवेललाच ठेवून या. पेणला मला एका पोराने गप्प केलं. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना. आमचा रोबो उचलण्याचा हात पुढे करून तोंडावर पडायचा. मी मनात आकडेमोड करतेय, तोवर हा म्हणाला, 'सोंड पुढे आली की मूर्ती कलते, मागून वजन द्यायला लागतं.' बॅटरी मागे गेली, विषय संपला. गुरुत्वमध्य त्याला हाताने कळत होता, मी फक्त शब्द दिला. रोह्यातही तसंच. धाटाव एमआयडीसीत काम करणारे फिटर, इन्स्ट्रुमेंटवाले हे याच पोरांचे बाबा आणि काका. त्यांना एकदा चहाला बोलवा. मल्टिमीटर कसा धरायचा हे ते तुमच्यापेक्षा बरं दाखवतात.

मुलांचं विज्ञानाचं पुस्तक आधी वाचा, प्लीज. 'विभवांतर' त्यांना पाठ असतं, तुमचा 'व्होल्टेज ड्रॉप' त्यांना परका. दोन्ही एकच हे कळलं की डोळे चमकतात. मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट का होतो, हे मग ती स्वतः मोजून सांगतात: मोटर जास्त धारा ओढते, बॅटरीचं विभवांतर खाली येतं, बोर्ड गप्प.

हात कधी घालायचा? लिथियमचे सेल, सोल्डरिंग, ड्रिल. इथे पन्नास मिनिटं नाही, पन्नास सेकंदसुद्धा थांबायचं नाही. फुगलेला सेल दिसला की सरळ बाजूला काढा, चर्चा नंतर.

आता खरी अडचण. ती वेळापत्रकाची आहे, तंत्रज्ञानाची नाही. शेवटची एसटी किंवा मिनीडोर चुकली तर पुढच्या शनिवारी ती मुलगी येत नाही. म्हणून काम कितीही रंगात असो, घड्याळ बघून आवरा. गणपतीच्या आधीचे महिने पेणची निम्मी टीम कारखान्यात असते. तेव्हा स्पर्धेची स्वप्नं बघू नका. आणि दहावी! सावलीवाल्या मुलीचे बाबा मेमध्ये भेटायला आले. 'मॅडम, आता क्लास लावलाय, हे बंद.' मी वाद घातला नाही. महिन्यातून एक शनिवार, दोन तास, एवढंच मागितलं, आणि तिने काढलेली सर्किटची वही त्यांच्यासमोर ठेवली. ते धाटावला ऑपरेटर आहेत. बराच वेळ पानं उलटत राहिले. 'ही वायरिंग हिने केली?' एक शनिवार मिळाला. दहावीनंतर ती सायन्स घेणार की लग्नाची बोलणी सुरू होणार, हे कोणी बोललं नाही, पण टेबलावर तेच होतं.

तुमच्या जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर सामानाचा प्रश्न बराच सुटतो. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि मेंटॉरसाठी वेगळी नोंदणीही आहे. कपाटाची किल्ली मात्र कोणाकडे असते ते पहिल्या दिवशी विचारा. शक्य झालं तर ती आठवीतल्या एखाद्या पोराकडे द्यायला लावा.

मागच्या महिन्यात रिलीज होतं, दोन शनिवार मी गेलेच नाही. दुसऱ्या शनिवारी दुपारी रोह्याहून फोन आला. मला वाटलं, कधी येणार विचारतील. 'मॅडम, मोटर ड्रायव्हर जळला. का जळला ते कळलंय. नवीन कुठे मिळेल तेवढं सांगा.' मी लॅमिंग्टन रोड सांगितला.