कंट्रोलर गेला म्हणण्याआधी : घरी बनवलेली इलेक्ट्रिक गाडी अडली तर काय तपासायचं

गॅरेज, वाइंडिंग, वायरिंग हे धंदे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. त्यामुळे जुनी मारुती ८०० घ्यायची, इंजिन काढायचं, ई-रिक्षाची मोटर आणि ४८ व्होल्टची बॅटरी बसवायची, हा उद्योग आता गल्लीतली पोरंही करू लागली आहेत. कुणी डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी करतो, कुणी निव्वळ हौसेनं. गाडी चार दिवस चालते आणि मग एका सकाळी चावी फिरवली तर लाइट लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी जागची हलत नाही. बघायला आलेले चाचा लांबूनच निदान करून मोकळे होतात : "कंट्रोलर उडाला, बेटा."

मग काही हजार खर्चून नवा कंट्रोलर येतो, आणि गाडी तरीही हलत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की बऱ्याच वेळा कंट्रोलर मेलेला नसतो, तो अडून बसलेला असतो. कुठल्यातरी वायरीतून त्याला "थांब" असा निरोप मिळत असतो. तो निरोप कुठून येतोय हे शोधायला साधा मल्टीमीटर, जॅक आणि अर्धा तास पुरतो.

आधी हा डबा करतो काय ते समजून घेऊ. बॅटरीतून येणारा करंट सरळ असतो. बीएलडीसी मोटरला मात्र तीन जाड वायरींतून, ज्यांना आपण फेज म्हणतो, आळीपाळीनं करंट लागतो. कोणत्या क्षणी कोणत्या फेजला द्यायचा, हे कंट्रोलर मोटरमधल्या तीन हॉल सेन्सरकडून ओळखतो. किती द्यायचा, हे एक्सलेटर सांगतो. द्यायचा की नाही, हे चावी, ब्रेकचा स्विच आणि बॅटरीचा व्होल्टेज मिळून ठरवतात. आत जोडणी-तोडणीचं काम मॉस्फेट नावाचे छोटे स्विच सेकंदाला हजारो वेळा करतात. म्हणजे पाच-सहा जणांनी "हो" म्हटलं तरच गाडी हलणार. एकानं जरी "नाही" म्हटलं, तरी लोक मेला म्हणतात कंट्रोलरच.

हात लावण्याआधी

अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका सहसा जीव घेत नाही, पण पाना चुकून बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. लोखंड लाल होतं आणि बोटातली अंगठी बोटासकट भाजते. ६० व्होल्टच्या वर डीसी करंटचा झटकाही धोक्याचा धरतात, म्हणून ७२ व्होल्टच्या गाडीत एकट्यानं काम करू नका. बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरमधले कपॅसिटर भरलेले असतात. त्याच्या प्लस-मायनसवर जुना पिवळा बल्ब क्षणभर लावा, ते रिकामे होतील. हा बल्ब जपून ठेवा, पुढेही लागणार आहे. दोन्ही चालती चाकं जॅकवर उचलून खाली ठोकळे द्या. मोटर अचानक फिरली तर गाडी समोरच्या दुकानात शिरायला नको.

बॅटरी खोटं बोलते

मीटर लावला, ५० व्होल्ट दिसले, बॅटरी ठीक आहे. इथेच पहिली फसवणूक होते. लेड-अ‍ॅसिडच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील आणि त्यातली एक मेलेली असेल, तरी उभ्या गाडीत बेरीज बरीच चांगली दिसते. लोड आला की ती एक बॅटरी धाडकन बसते. ४८ व्होल्टचे बहुतेक कंट्रोलर साधारण ४२ व्होल्टला, म्हणजे एका बॅटरीमागे साडेदहा व्होल्टला, बंद होतात. म्हणून व्होल्टेज पाहायचा तो लोडवर, आणि बॅटरीवर नाही तर कंट्रोलरच्या स्क्रूवर. बॅटरीवर ५० आणि कंट्रोलरवर ४४ दिसत असेल, तर मधले सहा व्होल्ट एखाद्या सैल थिंबलमध्ये जळताहेत. करंट बंद करून जोडांना हात लावा. जो जोड गरम लागेल, तोच चोर.

गाडी सपाट रस्त्यावर चालते, पण पुलाच्या चढावर बंद पडते आणि दोन मिनिटांनी आपोआप सुरू होते, ही तक्रार बहुतेक वेळा याच घरातली असते.

अडवणाऱ्या वायरी

लोडवरही व्होल्टेज टिकतो, तरी मोटर गप्प. मग ब्रेक-कटऑफचा कपलर काढून बघा. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून तो स्विच असतो, आणि गंजून किंवा वाकून तो दाबलेलाच राहतो. कपलर काढल्यावर मोटर फिरली, तर दोष एका स्वस्त स्विचचा निघाला. स्विच बदला आणि कपलर पुन्हा लावा. तो काढूनच गाडी पळवायची, हा जुगाड करू नका.

मग एक्सलेटर. त्याच्या तीन वायरी असतात, बहुधा लाल, काळी आणि हिरवी. लाल-काळीत साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. हिरवीवर पाय उचललेला असताना एक व्होल्टच्या आसपास, आणि हळूहळू दाबत नेलं की साडेतीन-चारपर्यंत चढत जायला हवं. मध्ये कुठेही उडी नको. सुरुवातीलाच दीड-दोन व्होल्ट दिसत असेल, तर बरेच कंट्रोलर चावी लावतानाच समजतात की एक्सलेटर दाबलेला आहे, आणि सुरक्षेसाठी मोटर चालूच करत नाहीत. लोकांना वाटतं बिघाड. प्रत्यक्षात तो शहाणपणा करत असतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एक्सलेटरची काळी वायर तुटली तर हिरवीवरचा व्होल्टेज खाली येण्याऐवजी पाचच्या जवळ चढतो. स्वस्त कंट्रोलर त्याचा अर्थ "पूर्ण वेग" असा घेतो. शाळा सुटायच्या वेळी, मुलांनी भरलेल्या गल्लीत हे झालं तर काय, याचा विचार करा. फोर्कलिफ्टची ब्रश असलेली डीसी मोटर वापरली असेल तर आणखी एक धोका असतो. तिच्या कंट्रोलरमधला मॉस्फेट शॉर्ट झाला की मोटरला थेट पूर्ण बॅटरी मिळते. म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी बॅटरीच तोडणारा लाल दाबबटणाचा स्विच आणि डीसीसाठी बनवलेला काँटॅक्टर हवाच. घराच्या मीटरबोर्डावरचा एसीचा एमसीबी इथे चालत नाही. एसीमध्ये करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही. स्विच उघडला तरी ठिणगी तशीच जळत राहते आणि स्विच वितळतो.

गुरगुरते पण फिरत नाही

मोटर थरथरते, गुरगुरते, हातानं ढकललं की कधी फिरते कधी नाही, अशी लक्षणं असतील तर हॉल सेन्सरकडे वळा. त्यांच्या पातळ पाच वायरी असतात : लाल पाच व्होल्टची, काळी मायनसची, आणि तीन सिग्नलच्या. चावी चालू ठेवून चाक हातानं अगदी सावकाश फिरवा. प्रत्येक सिग्नल वायरीवर व्होल्टेज एकदा शून्याजवळ, एकदा पाचजवळ असा पालटत राहिला पाहिजे. एखादी वायर एकाच आकड्यावर अडकली, तर तो सेन्सर गेला किंवा त्याचा कपलर पाण्यानं सडला. पावसाळ्यानंतर कपलरच आधी उघडून पाहावा. आत हिरवट गंज दिसला तर घासून, वाळवून पुन्हा लावा. तिन्ही सिग्नल एकाच वेळी शून्य किंवा एकाच वेळी पाच, असं सामान्य मोटरमध्ये कधीच होत नाही. तसं दिसलं तर लाल किंवा काळी वायरच तुटली असणार.

मोटर किंवा कंट्रोलर नुकताच बदलला असेल आणि तेव्हापासून हे सुरू झालं असेल, तर क्रम चुकलाय. मोटरच्या आणि कंट्रोलरच्या वायरींचे रंग जुळले म्हणजे क्रम जुळला, असं नाही. तीन फेज आणि तीन हॉल मिळून ३६ जोडण्या होतात. त्यातल्या ३ गाडी पुढे नेतात, ३ मागे, बाकीच्या चुकीच्या. चुकीच्या काही जोडण्यांत मोटर फिरतेही, पण आवाज कर्कश येतो आणि रिकाम्या चाकालाच भरपूर करंट लागतो. अशी चालवत राहिली की मग मात्र कंट्रोलर खरोखर जळतो. हॉल तसेच ठेवा, फेजच्या सहा अदलाबदली एकेक करून बघा, एक्सलेटर जेमतेम दाबून. शांत आणि कमी करंटवर फिरेल ती जोडणी खरी.

खरंच मेलाय का

कर्टिस, केलीसारख्या कंट्रोलरवर छोटा लाइट असतो. बिघाड झाला की तो ठरावीक वेळा चमकतो, ते मोजून पुस्तिकेत बघता येतं. साध्या ई-रिक्षाच्या डब्यावर बहुधा तेवढीही सोय नसते. मग बॅटरी काढा आणि चाक हातानं फिरवा. अडखळत, जड फिरतंय? आता तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर कंट्रोलरचे मॉस्फेट शॉर्ट आहेत. तरीही जड असेल तर मोटरचं वाइंडिंग शॉर्ट आहे किंवा बेअरिंग गेलंय. एवढं करूनच कुणाला पैसे द्या.

पक्कं करायचं असेल तर कपॅसिटर रिकामे करून मीटर डायोडवर ठेवा. काळी टोच एकेका फेजवर आणि लाल कंट्रोलरच्या मायनसवर लावा. साधारण ०.३ ते ०.६ असा आकडा यावा आणि तिन्ही फेजना सारखा यावा. मग लाल फेजवर, काळी प्लसवर, तसंच. कुठे शून्य आलं, बीप वाजली, तर तो मॉस्फेट गेला. सोल्डरिंग नीट येणाऱ्यालाच तो बदलायला द्या, आणि एक गेलेला असला तरी शेजारचेही बदला. त्यांनीही तोच मार खाल्लेला असतो.

मार खाण्याचं कारण बहुधा एकच असतं. रिक्षासाठी बनलेला डबा मोटारीच्या वजनाला जुंपला जातो. १००० वॅटचा कंट्रोलर चार माणसं बसलेली मारुती चढावर ओढणार कसा? त्यात तो सीटखाली, हवा नसलेल्या कोपऱ्यात. त्याला जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, हवेत बसवा.

कायद्याचंही बोलून टाकू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे असा बदल करता येत नाही. रस्त्यावर न्यायची असेल तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं मंजूर केलेलं किट आणि आरटीओची नोंद लागते. नाहीतर अपघातात विमा मिळणं अवघड होतं. कारखान्याचं आवार, शेत, कॉलेजचं मैदान इथे शिकायला हरकत नाही.

नवा कंट्रोलर घ्यावाच लागला तर पहिल्यांदा तो थेट बॅटरीला जोडू नका. प्लसच्या वायरीत तोच २३० व्होल्टचा, १०० वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घाला. बल्ब क्षणभर उजळून विझला तर कपॅसिटर भरले, डबा ठीक. मंद का होईना, पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे. डबा तसाच खोक्यात घाला आणि बिलासकट दुकानदाराला परत द्या.