भाड्याने ट्रॅक्टर चालवताय? कामाच्या नोंदीचं ॲप घेण्याआधी हे वाचा



सोयाबीन निघालं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली. आपल्यातले बरेच जण घरची पेरणी उरकून गावात रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ब्लोअर भाड्याने चालवतात. कामं वाढलीत, पण हिशोब अजून निम्मा डायरीत आणि निम्मा ड्रायव्हरच्या डोक्यात. १०० कामांत प्रत्येकी १० मिनिटं लिहायची राहिली, तर मोसमाअखेर साडेसोळा तास फुकट गेले. डिझेल मात्र जळलंच.

म्हणून ॲप घ्यायचं म्हणताय ते बरोबर आहे. फक्त कोणतं ॲप कशासाठी हे आधी ओळखा. खाताबुकसारखं ॲप उधारीची वही आहे. कुणाकडे किती राहिले ते सांगतं आणि गिऱ्हाईकाला आठवण पाठवतं. व्यापारसारखं ॲप मुख्यतः बिलं आणि दुकानाच्या मालासाठी. आणि काम घेतलं, कोण गेलं, किती वेळ लागला, बिल किती, हे सगळं एका धाग्यात ठेवणारं ते जॉब मॅनेजमेंट सॉफ्टवेअर. कॅनडाचं जॉबर, न्यूझीलंडचं ट्रेडिफाय ही त्यातली नावाजलेली. ती प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या कामाला धरून बनवलीत, आणि त्यांना दर महिन्याला पैसे मोजावे लागतात.

त्यांची खरी अडचण भाषेची नाही, कॅलेंडरची आहे. प्लंबर मंगळवारी ११ वाजता येतो म्हणून सांगू शकतो. आपली तारीख वापसा ठरवतो. पाऊस उघडला की मुरमाड रान आधी तयार होतं, काळं भारी रान मागून. तारखेला शब्द दिलाय म्हणून ओल्यात रोटाव्हेटर घातला की जमीन दबते आणि ढेकळं निघतात, मग हरभरा एकसारखा उगवत नाही. म्हणून ॲप असं बघा, की ज्यात कामांची यादी बोटाने वर-खाली सरकवता येते आणि प्रत्येक कामापुढे शिवार व जमिनीचा प्रकार लिहिता येतो. एका शिवारातली तयार रानं एका फेरीत झाली की रिकामी धावपळ वाचते. ही सोय नसेल तर बाकीची वीस बटणं असून उपयोग नाही.

दुसरं भांडणाचं मूळ म्हणजे एकर. मालक म्हणतो दोन, ट्रॅक्टरवाला म्हणतो सव्वादोन. काही ॲप बांधावरून चालत फिरलं की क्षेत्र काढून देतात. अंदाजाला ठीक, पण मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे दाखवतं. एकराचा चौकोन साधारण ६४ मीटर बाजूचा असतो. लांबी-रुंदी ३-३ मीटरने जास्त धरली गेली तरी जवळजवळ ४ गुंठे वाढतात. लहान रानात यावर पैसे मागू नका. त्यापेक्षा तासावर काम घ्या, नाहीतर क्षेत्र आधीच बोलून लिहा. काम संपलं की बांधावरच आकडा मालकाच्या व्हॉट्सॲपवर गेला पाहिजे. आठ दिवसांनी पाठवलेल्या आकड्यावर घासाघीस होणारच, आणि गावात ती पैशांपुरती राहत नाही.

कुणी ‘जीएसटी बिल निघतं’ म्हणून महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर थांबा. शेतातली मशागत, पेरणी, काढणी, मळणी ही कामं आणि शेती अवजारं भाड्याने देणं जीएसटीतून मुक्त आहे. ठिबकचे पाईप विकणारे, मोटार भरून देणारे यांचं वेगळं. त्यांनी हिशोबनीसाला विचारावं.

पैसे भरण्याआधी मागच्या मोसमातली १० कामं डायरीतून ॲपमध्ये टाकून बघा. त्यात एक अर्धी रक्कम दिलेलं, एक पैशांऐवजी पोत्यावर ठरलेलं आणि एक मध्येच बंद पडलेलं काम असू द्या. खरी परीक्षा तिथेच होते. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून एक नोंद करा, कारण ओढ्याकडच्या शिवारात रेंज नसते. आणि हे सगळं ड्रायव्हरच्या हातून करून घ्या, तुमच्या नव्हे. रात्री १० वाजता थकलेल्या माणसाला चार टप्प्यांत नोंद जमली नाही, तर तो ती करणारच नाही.

नोंदी एक्सेल किंवा पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का, हेही विचारा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे केलेल्या कामाच्या पैशांचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो. ॲप मधेच बंद पडलं किंवा फोन पाण्यात गेला, तरी तेवढा काळ नोंद हाताशी हवी. दर महिन्याला फाइल काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

दोन-तीन ॲपमध्ये अडलात तर याच नंबरवर तीन गोष्टी लिहून पाठवा: काम तासावर घेता की एकरावर, नोंद कोण करणार, आणि मोसमात साधारण किती कामं होतात. त्यावरून कोणतं घ्यायचं ते कळवतो. वर्षाला २०-२५ कामंच होत असतील तर डायरी पुरे, फक्त रोज संध्याकाळी तिचा फोटो काढा.