दोन खोल्यांचे घर आणि मोकळा श्वास

‘डॉक्टर, घरात बसलं की जीव घाबरतो. गॅलरीत उभं राहिलं की बरं वाटतं.’ ही तक्रार तशी जुनीच. पण बीड, अंबाजोगाई, परळी अशा गावांत फ्लॅट वाढत गेले, तशी ती दवाखान्यात जास्त ऐकू येऊ लागली. अशा वेळी मी आधी रक्तदाब पाहतो, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून आणायला सांगतो. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असणे फार सर्रास आहे आणि त्यानेही छातीत धडधडते, दम लागतो. सगळे ठीक निघाले, की मग विचारतो, ‘तुमच्या घराची खिडकी कुठं आहे आणि तिच्यापुढं काय ठेवलंय?’ प्रश्न ऐकून माणसे चमकतात. उत्तर बहुधा एकच असते. कपाट!

जागा कमी असणे हा काही रोग नव्हे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरातल्या खोल्याही मोठ्या नव्हत्या. पण पुढे ओसरी होती, मध्ये चौक होता, छताला सानं होते. धूर आणि गरम हवा वरून निघून जायची. त्या घरांचे गोडवे मी गाणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याने किती माणसे गाडली, हे मराठवाडा विसरलेला नाही. त्यानंतर पत्रा आणि स्लॅब आले, ते योग्यच झाले. मात्र घर बदलताना वाऱ्याची वाट आपण नकाशातून पुसून टाकली.

थोडा हिशेब करू. कोरड्या, उष्ण हवेच्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश एवढी उघडी जागा खिडकी-झरोक्यांना असावी, असे आपल्या देशाच्या बांधकाम संहितेत सांगितले आहे. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट. तुमची खिडकी चार बाय तीन, म्हणजे बारा चौरस फूट. झाले की पुरे, असे वाटेल. पण हल्लीची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. राहिले सहा. त्यापुढे कपाट आले, की दोन-तीन फूट उरतात. त्या खोलीत दार लावून पाच माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत सगळ्यांचा उच्छ्वास तिथेच साचतो. सकाळी डोके जड होते आणि आपण डोकेदुखीची गोळी घेतो.

ही हवेची गोष्ट शहाण्या माणसांनाही उशिरा कळली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातले पहिले रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतूनच रोग येतो, ही त्या काळची समजूत. ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. सोप्या भाषेत सांगायचे, तर समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे, म्हणजे खोलीत उजेड पोचतो. प्लेग पसरतो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. म्हणजे कारण चुकीचे धरले होते. पण क्षयाच्या बाबतीत तोच नियम खरा ठरतो. क्षयरोगी खोकला, की जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असली, तर ते पांगतात. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर खिडकी उघडाच, पण थुंकीही तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

तर पहिले काम, कपाट खिडकीपुढून आडव्या भिंतीला सरकवणे. मग एक उदबत्ती लावा आणि घरभर फिरा. धूर कुठे सरळ वर जातो, कुठे एका बाजूला ओढला जातो, ते पाहा. जिथे ओढला जातो ती वाऱ्याची वाट. तिथे काहीही ठेवू नका. उन्हाळ्यात अकरा ते पाच खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि दिवस मावळला की सगळे उघडावे. कूलर लावणाऱ्यांनी समोरची एखादी फट उघडी ठेवावी. दार-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर नुसता दमटपणा वाढतो आणि अंग चिकचिकते. भिंतींना फिकट रंग, शक्य तर खिडकीसमोर आरसा, एवढ्यानेही खोली उजळते.

आता जमीन. आमच्या भागातल्या घरात जागा खातात त्या वस्तू शहरातल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. ज्वारीची पोती, पाण्याचे ड्रम आणि गोधड्यांची चळत. गावाकडून वर्षाचे धान्य येते, अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाहुणे कधी येतील सांगता येत नाही. ‘पसारा कमी करा’ असे नुसते म्हणून काय होणार?

पाण्याचे भांडे घट्ट झाका, झाकण नसेल तर जुन्या धोतराचे कापड बांधा. आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. गोधड्या उन्हात टाका. पलंगाखालच्या धुळीने लेकरांचा खोकला हटत नाही, हे मी रोज पाहतो.

धान्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो. कीड लागू नये म्हणून पोत्यात ज्या विषारी गोळ्या ठेवतात, त्या राहत्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी तोही जाणवत नाही. लहान बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. वास आला, उलट्या झाल्या, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावे आणि तडक मोठा दवाखाना गाठावा. ज्वारी कडक वाळवून, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. ही कोठी उंच आणि अरुंद घ्या, कोपऱ्यात बसते.

मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या, तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोठाली कुटुंबे राहिली, ती वळकटीच्या जोरावर. सकाळी अंथरूण गुंडाळले, की तीच जमीन जेवणाची, तीच अभ्यासाची. आपण मात्र कर्ज काढून सोफा घेतो, त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग बसतो आणि माणसे खाली बसतात. लग्नात आलेला दिवाण आणि सोफा यांतला एक काढा. सून ऐकणार नाही, सासूबाई तर त्याहून नाही. पण महिनाभर काढून पाहा.

शांततेचे म्हणाल, तर एका खोलीत टीव्ही, दुसरीत मोबाईल आणि मध्ये दहावीचे पोर, यात कोणाचेच डोके थाऱ्यावर राहणार नाही. खोली वाढवता येत नसेल, तर वेळ वाटून घ्या. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद, हा नियम एका घरात बसवायला मला चार भेटी लागल्या. आधी आजोबा चिडले, बातम्या बुडाल्या म्हणून. मग त्यांनी रेडिओ घेतला आणि तो गॅलरीत ऐकू लागले.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा मोरीच्या वाटेवर, भिंतीला धरून असावी. त्यांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. झोपलेल्यांना ओलांडताना, अंधारात ड्रमला अडखळून पडलेली आणि खुब्याचे हाड मोडलेली माणसे मी दर वर्षी पाहतो. तेवढी वाट मोकळी ठेवा आणि तिथे एक छोटा दिवा रात्रभर चालू राहू द्या.