टायरची हट्टी कड

हुमनाबाद तालुक्यातील आमच्या हळ्ळीखेड (बी) गावाचे नाव बिदर जिल्ह्यात साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे झाले. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या काळ्या रानातील चिखलातून, बांधांवरून व लाल मुरमाच्या वाटांवरून ये-जा करीत असतात. अशा वाटेवर टायरचे जे हाल होतात ते डांबरी सडकेवर कधी होत नाहीत. त्यामुळे पंक्चरच्या दुकानापुढे एखादे चाक आडवे पडलेले आणि भोवती चार माणसे चिंतातुर उभी राहिलेली, हे दृश्य आम्हांस नित्याचे आहे. त्या चार माणसांच्या मागे आमच्याच शाळेची दोन-तीन मुले हमखास असतात. कोणी लिव्हर धरतो, कोणी काँप्रेसरची नळी. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गेल्या माघात आम्ही असाच एक प्रसंग पाहिला. ट्रॉलीच्या चाकास नवा ट्यूबलेस टायर चढविला होता. पण हवा भरू लागताच ती कडेच्या फटीतून फुसफुस करीत निघून जाई. ट्रॉलीत तोडलेला ऊस होता. तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजन घटते व साखरही उतरते. म्हणून मालकाचा जीव खालीवर होत होता. अखेर कोणीतरी म्हणाले, "आत थोडे पेट्रोल शिंपडा आणि काडी लावा. एका दणक्यात बसेल!" म्हातारे मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त काडेपेटी उचलून स्वतःच्या खिशात घातली.

त्या वेळी आम्हांस आठवण झाली ती लाकडी चाकाच्या धावेची. लोहार लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवितो, प्रसरण पावलेली धाव चाकावर बसवितो आणि वरून पाणी ओततो. धाव आकुंचन पावून आरे व तुंबा यांना घट्ट आवळते. तेथे अग्नी हा कारागिराचा मित्र आहे. मग रबरी टायरच्या बाबतीत तो शत्रू का व्हावा? याचे उत्तर टायरच्या रचनेत आहे.

डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली प्रचारात आणला. परंतु तो चाकास चिकटवून बसवावा लागे व काढणे जिकिरीचे होई. १८९० साली वेल्च नावाच्या इंग्रज संशोधकाने टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घालण्याची युक्ती काढली. आजच्या टायरच्या कडेतही पोलादी तारांचे कडे असतेच. रिमच्या मध्यभागी खोलगट खोबण असते. टायर चढविताना कडेची एक बाजू या खोबणीत दाबली म्हणजे समोरची बाजू रिमच्या ओठावरून सरकून आत येते. तार ताणत नसल्यामुळे दुसरा मार्गच नाही. पुढे हवा भरली की दोन्ही कडा खोबणीतून बाहेर सरकत, किंचित उतरत्या बैठकीवर चढत, रिमच्या ओठास जाऊन भिडतात. त्या वेळी 'ठप्' असा आवाज होतो. प्रत्येक कडेचा एक, असे दोन.

जी कड बसत नाही ती पुष्कळदा बळ कमी पडल्यामुळे अडलेली नसते. ती घर्षणामुळे अडलेली असते. रिमवर गंज चढलेला असतो, जुना चिखल वाळून घट्ट झालेला असतो, कड कोरडी असते. कधी टायर महिनोन् महिने एकावर एक रचून ठेवल्याने चेपलेला असतो आणि दोन्ही कडा जवळ आलेल्या असतात. ट्यूब असलेल्या टायरात टायर व ट्यूब यांच्यामध्ये हवा कोंडते किंवा ट्यूबची घडी पडते. या रोगांवर अधिक हवा हे औषध नव्हे. कडेचा थोडासा भाग अडकला आणि बाकीचा बसला, तर वाढत्या दाबाचा सारा ताण त्या अडकलेल्या जागेच्या तारांवर येतो. तारा तुटल्या की टायर व रिम एकमेकांपासून उडतात.

किती जोराने, याचा हिशेब आठवीच्या मुलासही करता येईल. ट्रॅक्टरच्या पुढच्या ६.००–१६ मापाच्या टायरच्या एका बाजूचे वलय सुमारे ४०० चौरस इंच भरते. दर चौरस इंचास ४० पौंड दाब असला म्हणजे त्या बाजूवर १६,००० पौंड, अर्थात् सात टनांहून अधिक जोर येतो. ऊस भरलेल्या तीन-चार बैलगाड्यांचे हे ओझे! मागच्या मोठ्या टायरचा विचार न केलेलाच बरा. म्हणून कड बसविताना ४० पौंडांच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. ट्रॅक्टरच्या पुष्कळ टायरांस तर ३५ हीच मर्यादा असते. टायरवर छापलेला आकडा आधी वाचावा. त्याच वेळी मापही ताडून पाहावे. १६ इंची टायर १६.५ इंची रिमवर चढू शकतो, परंतु कड कधीच नीट बसत नाही, आणि या अर्ध्या इंचाने परदेशांत माणसे दगावली आहेत.

आता पेट्रोलविषयी. बाहेरच्या देशांत आडरानात मोटारी हाकणारे काही हौशी लोक हा प्रयोग करतात हे खरे. वाफ व हवा यांचे मिश्रण क्षणात पेटते, तापलेला वायू फुगतो आणि कडा बाहेर फेकल्या जातात. परंतु शिंपडणे अंदाजाने, मिश्रण अंदाजाने आणि दाबही अंदाजाने! काँप्रेसर बंद करता येतो. पेटलेली वाफ बंद करता येत नाही. लोहाराची धाव तापून सैल होते आणि मग शांतपणे बसते. टायरात मात्र आग धावेऐवजी कोंडलेल्या हवेला तापविते. याच कारणास्तव टायर चढलेल्या रिमला, हवा काढली असली तरी, वेल्डिंग करू नये. उष्णतेने आतील रबराचे ज्वालाग्राही वायू होतात व स्फोट होतो. वेल्डिंगच्या नळकांड्यातील ऑक्सिजन टायरात भरणे हेही तितकेच घातक.

मिस्त्रींनी त्या दिवशी जे केले ते सांगतो. प्रथम टायर उतरविला. रिम तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ केली. चेपलेल्या कडांमध्ये लाकडी ठोकळे घालून टायर तासभर उन्हात ठेवला. उन्हाने रबर मऊ पडते. मग साबणाचे दाट पाणी कडांस व रिमच्या बैठकीस चोहोबाजूंनी लावले. घाईत पुष्कळजण ग्रीस, डिझेल अथवा जुने इंजिन-तेल लावतात. त्याने रबर फुगते, शिवाय पुढे टायर रिमवर फिरत राहतो. साबण वाळतो, म्हणून तो बरा. ट्यूब असती तर तिला शंखजिऱ्याची पूड लावून, एकदा हवा भरून, पूर्ण सोडून, पुन्हा भरली असती. त्याने घड्या उलगडतात.

नंतर टायरच्या पृष्ठभागाच्या मध्यावरून दोर गुंडाळून त्यात काठी घातली आणि कडब्याचे ओझे आवळावे तसे पिळले. मध्य आवळला की कडा बाहेर झुकून रिमला टेकतात. वॉल्वमधील पिन काढून ठेवली, म्हणजे हवा वेगाने शिरते. कडा टेकून हवा धरू लागताच, दाब पाच पौंडांवर जाण्यापूर्वी, दोर सोडला. हे विसरल्यास ताणलेली काठी डोके फोडील.

येथून पुढे त्यांनी सर्वांस मागे हटविले. वॉल्वला आपोआप धरून राहणारा चिमटा, लांब नळी व दाबमापक दूर, अशी त्यांची व्यवस्था होती. टायरच्या बगलेसमोर कोणी उभे राहावयाचे नाही, वाकून पाहावयाचे नाही, हातोडा मारावयाचा नाही. पुणे–हैदराबाद हमरस्त्यावरील ट्रकांत पाहावयास मिळते तशी कडी-बसवणीची रिम असेल, तर चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी. ती कडी सुटली म्हणजे तोफगोळ्याप्रमाणे जाते. अमेरिकेत अशा चाकांसाठी १९८० साली सरकारी नियम झाले आणि १९८४ साली एकसंध रिमही त्यांत घेतल्या गेल्या.

पहिला ठप् वीस पौंडांच्या आसपास झाला. दुसरा होईना. मापक ३५ दाखवू लागताच मिस्त्रींनी हवा बंद केली आणि, मालक हळहळत असताना, सगळी सोडून दिली. पुन्हा साबण लावला, चाक उलटे केले, पुन्हा हवा. या खेपेस अठ्ठाविसावरच दुसरा ठप् ऐकू आला. तेव्हा त्यांनी हवा पूर्ण सोडून पिन बसविली, नेहमीचा दाब भरला आणि आम्हांस जवळ बोलावून टायरच्या बगलेवरील बारीक उंचवट्याची रेघ दाखविली. ती रिमच्या ओठापासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवी. आम्ही बोटाने मोजीत चाकाभोवती फिरलो. अंतर सारखे होते. दिवेलागणीस ट्रॉली निघाली, आणि काडेपेटी मिस्त्रींनी ज्याची त्यास परत केली.