दंडाला पट्टा कुणी बांधला नाही

आमच्या मोहल्ल्यात लग्न असो की बाळाचा अकीका, एक तृतीयपंथी आपा बधाईला येतात. मी त्यांना आपा म्हणतो, त्या मला भाईजान. वयानं माझ्याच बरोबरीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. गेल्या वर्षी आमचा जिना चढताना त्यांना धाप लागली. "रक्तदाब तपासलाय कधी?" मी विचारलं. हसून म्हणाल्या, "एचआयव्हीसाठी रक्त कितीदा तरी घेतलं, भाईजान. दंडाला पट्टा मात्र कुणी बांधला नाही."

श्रोतेहो, मी बी. ए. झालेला कवी. वैद्यक माझा प्रांत नव्हे. पण त्या उत्तरानं अस्वस्थ होऊन एका डॉक्टर मित्राला गाठलं.

तृतीयपंथी असणं हा काही रोग नाही. रोगाला वाट करून देतं ते वाट्याला आलेलं जगणं. कोवळ्या वयात घर सुटतं, सिग्नलवर उन्हात उभं राहावं लागतं, झोप अपुरी, जेवण मिळेल तेव्हा. भूक आणि अपमान दोन्ही मारायला तंबाखू. हृदयाला आणखी काय हवं?

त्यात गोळ्यांची भर पडते. देह बाईसारखा व्हावा म्हणून काहीजणी दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणतात आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून दिवसाला तीन-चारही घेतात. त्यांतल्या बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल असतं. त्यानं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, विडी-सिगारेट असेल तर अधिकच. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२०११) ते घेत असलेल्या ट्रान्स स्त्रियांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट आढळला. जाणकार डॉक्टर आता ते टाळतात. साधं इस्ट्राडिओल, तेही रक्त तपासून देतात. निर्वाण झाल्यावर कुठलंच संप्रेरक मिळालं नाही, तर हाडं ठिसूळ होतात, हे तर मला ठाऊकच नव्हतं.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१९ साली कायदा झाला, २०२२ साली आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांच्या उपचारांची घोषणा झाली. पण आपांना घेऊन मी दवाखान्यात गेलो, तेव्हा बायकांच्या रांगेनं त्यांना पुरुषांकडे पाठवलं आणि पुरुष हसले. केसपेपरवर काय लिहायचं, यात दहा मिनिटं गेली. अखेर नर्सबाईंनी पट्टा बांधला. १७०-१००.

आपा आता रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. तंबाखू अजून सुटलेली नाही.