सायकलस्वार आणि वाहनचालक

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मग बीड जिल्ह्यातील माजलगाव, गेवराई, केज या भागांत उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्तोरस्ती दिसू लागतात. त्याच रस्त्यांच्या कडेने मुले सायकलीवरून शाळेत जातात.

पुण्यासारख्या शहरात काही रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळा मार्ग राखलेला आहे. त्यामुळे मागून येणाऱ्या मोटारींपासून सायकलस्वाराचे रक्षण होते. परंतु चौकात तो मार्ग खंडित होतो व सर्व वाहने एकत्र येतात. तेथे विशेष सावधगिरी हवी. जेथे असा मार्गच नाही, तेथे तर ती पदोपदी हवी.

लांब वाहन वळताना त्याची मागची चाके वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात. डावीकडे वळणाऱ्या ट्रॉलीच्या डाव्या अंगाला असलेला सायकलस्वार त्यांच्याखाली सापडण्याचे भय असते. उंच आसनावरील चालकाला जवळची सायकल दिसतेच असे नाही. म्हणून अशा वाहनाच्या बाजूने पुढे घुसू नये. मागे थांबून त्यास वळू द्यावे. स्वतः वळण्यापूर्वी हात दाखवावा.

चालकाचेही कर्तव्य आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. तेव्हा शाळेजवळ त्याने वेग कमी केलाच पाहिजे आणि वळण्यापूर्वी आपल्या बाजूला सायकल नाही, याची खात्री केली पाहिजे.

ट्रॅक्टर क्षणभर थांबला म्हणून ऊस वाळत नाही आणि सायकल क्षणभर थांबली म्हणून शाळा चुकत नाही.