शिकाऊ उमेदवारी : प्रशिक्षणाचा खर्च कोणी उचलावयाचा?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणास जोडारी, कातारी वा वीजतंत्री यांसारख्या व्यवसायाचे मूलभूत ज्ञान झालेले असते. तथापि, चालू कारखान्यातील कामाची शिस्त आणि गती प्रत्यक्ष कामावरच अंगवळणी पडते. मात्र शिकण्याच्या या काळात त्याचा निर्वाह कसा व्हावा, हा गरीब कुटुंबापुढील खरा प्रश्न असतो. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मध्ये सापडते.

कायद्याची व्याप्ती

हा अधिनियम १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी व पदविकाधारक, तर १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केलेले विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. कायदा संसदेचा असला, तरी राज्यातील बहुतेक खाजगी आस्थापनांबाबत त्याची अंमलबजावणी राज्य शासनाकडे आहे. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय हे काम पाहते.

२०१९ मधील नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घालण्यात आले. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ही त्यासाठीची मर्यादा असून, या गणनेत कंत्राटी कामगारही धरले जातात.

खर्चाची वाटणी

विद्यावेतन देण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची आहे. २०१९ मध्ये दरमहा किमान दर पाचवी ते नववी उत्तीर्णांसाठी ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णांसाठी ६,००० रुपये, पदविकाधारकांसाठी ८,००० रुपये आणि पदवीधरांसाठी ९,००० रुपये असे ठरविण्यात आले. हे वेतन नगाच्या हिशेबाने देण्यास कायद्याने मनाई आहे. कारण शिकाऊ उमेदवाराने उत्पादन वाढवावे हा मुख्य हेतू नसून त्याने काम शिकावे, हा आहे.

मालकावर संपूर्ण भार टाकल्यास लहान उद्योग उमेदवार घेण्यास कचरतील, हे ओळखून शासनानेही वाटा स्वीकारला आहे. पदवीधर व पदविकाधारकांच्या विद्यावेतनाचा भार केंद्र शासन आणि मालक यांनी विहित मर्यादेपर्यंत समप्रमाणात सोसावा, अशी अधिनियमातच तरतूद आहे. व्यवसाय शिकाऊ उमेदवारांसाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तीत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, परंतु दरमहा कमाल १,५०० रुपये, इतका केंद्राचा वाटा ठरला. २०२३ पासून तो उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत सुरू करण्यात आली.

करारनाम्याचे महत्त्व

या साऱ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे मालक व उमेदवार यांच्यातील नोंदणीकृत करारनामा. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालकाने करार करावयाचा असतो. कराराची नोंदणी न करता 'काम शिकावयास' ठेवलेल्या मुलास शासकीय वाटा मिळत नाही आणि शिकाऊ उमेदवार म्हणून राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षाही देता येत नाही. नोंदणीकृत उमेदवारास कामावर इजा झाल्यास मात्र नुकसानभरपाई देण्याचे दायित्व मालकावर आहे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. तरीही आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदींचे संरक्षण त्यास लाभते.

प्रशिक्षणानंतर नोकरी मिळेलच, अशी हमी अधिनियम देत नाही. उमेदवारांना सेवेत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे, एवढेच २०१४ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. पालकांना ही वस्तुस्थिती आधीच समजावून देणे हिताचे ठरेल.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

शहरातील कारखान्यात गावचा मुलगा शिकावयास जातो तेव्हा करारनाम्याची चौकशी करणारे कोणी त्याच्या पाठीशी असतेच असे नाही. अशा वेळी शिक्षक व पंचायत सदस्य यांनी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात : कराराची नोंदणी झाली आहे काय, विद्यावेतन त्या वेळी लागू असलेल्या किमान दरापेक्षा कमी तर नाही ना, आणि उमेदवाराचे स्वतःच्या नावे बँक खाते आहे काय. शंका असल्यास नजीकच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विचारणा करावी. एवढी दक्षता घेतली गेली, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावर न राहता गरजू तरुणाच्या हाती पडेल.